नसलेल्या गाडीचे प्रवासी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ चिखलीतली ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय म्हणून मी रेल्वे निवडली. शिकलेली पोरे गावाबाहेर कशी जातात आणि गावाकडे परत कशी येतात, हा शिक्षकाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर गेली दीडशे वर्षे अर्धेच राहिले आहे.

सन १८७० मध्ये त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. जलंबपासून खामगावपर्यंतचा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा आणि खामगावचा कापूसबाजार या दोहोंचे उद्घाटन त्यांनी केले. तीनच वर्षांपूर्वी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता, आणि वऱ्हाडचा कापूस लवकरात लवकर मुंबई बंदराला नेणे ही साम्राज्याची निकड होती. खामगाव मुख्य मार्गापासून थोडे बाजूला पडले होते, म्हणून हा फाटा टाकला गेला. कापसाच्या गाठी रुळाशी आल्या, काम झाले. फाटा जिथे संपला तिथेच आजही संपतो. खामगाव स्थानकाच्या पुढे रूळ नाही.

त्या पुढे काय आहे, हे या सभागृहाला सांगायला नको. पुढे घाट आहे, आणि घाटावर आपण आहोत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या सहाही तालुक्यांत आजवर रेल्वेची शिट्टी वाजलेली नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे हावडा-मुंबई मार्गावर आहेत. जिल्ह्याचे मुख्यालय मात्र रेल्वेविना आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. त्यातली घाटावरची सगळी माणसे गाडी पकडायची तर आधी राजूर घाट किंवा बोथा घाट उतरतात, नाहीतर जालना गाठतात.

खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना असा सुमारे १६० किलोमीटरचा हा मार्ग. यासाठी किती सर्वेक्षणे झाली, किती निवेदने दिली गेली, किती वेळा लोक रस्त्यावर आले, याचा इतिहास तुमच्यापैकी अनेकांनी स्वतः जगला आहे. तो पुन्हा सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. प्रत्येक वेळी नकाराचे जे कारण पुढे केले गेले, ते मला तपासायचे आहे. कारण एकच होते: परतावा पुरेसा नाही, वाहतूक पुरेशी नाही.

हे कारण तपासण्यासाठी थोडा वेळ मुंबईला जाऊ.

मुंबईत आज मेट्रोचे जाळे पसरते आहे. वर्सोवा-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची पहिली मार्गिका जून २०१४ मध्ये सुरू झाली. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. पुणे आणि नागपूर इथेही मेट्रो धावते आणि पुढच्या टप्प्यांची कामे चालू आहेत. या खर्चाबद्दल आपल्याकडे कधी कधी चिडून बोलले जाते: सगळा पैसा मुंबईला, आम्हाला काय? मला हा सूर मान्य नाही. मुंबईचे रेल्वेजाळे वाढलेच पाहिजे, आणखी वाढले पाहिजे. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारातून माणसे खाली पडली आणि दगावली. लोकलने रोज ७० लाखांच्या वर माणसे ये-जा करतात. त्यात आपली मुलेही आहेत. त्यांना उभे राहायला जागा मिळावी यासाठी होणारा खर्च हा उधळपट्टी नव्हे.

मला हवी आहे ती मुंबईच्या वाट्याची रक्कम नव्हे, मुंबईला लावलेली मोजपट्टी.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये मेट्रो रेल्वे धोरण मंजूर केले. त्याआधी मेट्रो प्रकल्प मंजूर करताना तिकिटांतून आणि इतर उत्पन्नातून किती परतावा मिळेल हे पाहिले जाई. नव्या धोरणाने ती अट बदलली. आता पाहिला जातो तो समाजाला होणारा एकूण फायदा, आणि तो १४ टक्के असावा अशी अट आहे. या फायद्यात लोकांचा वाचलेला वेळ येतो, वाचलेले इंधन येते, टळलेले अपघात आणि कमी झालेला धूर येतो. हे शहाणपणाचे आहे. मेट्रो तिकिटांवर आपला खर्च भरून काढत नाही. जगातल्या बहुतेक शहरांत काढत नाही. तरी ती बांधली जाते, कारण तिचा लाभ तिकीटखिडकीच्या बाहेर होतो.

आता नव्या रेल्वेमार्गाकडे या. तिथेही दीर्घकाळ १४ टक्के हाच आकडा वापरला गेला, अलीकडे तो खाली आणला आहे. पण ते १४ टक्के निराळे. ते प्रामुख्याने रेल्वेच्या तिजोरीत किती पडेल याचे. चिखलीची मुलगी इंजिनिअरिंगला रोज किती तास वाचवेल, देऊळगाव राजाच्या शेतकऱ्याचा भाड्याचा किती पैसा वाचेल, रस्त्यावरचे किती मृत्यू टळतील, हे त्या हिशेबात नाही, किंवा शेवटच्या ओळीत एखाद्या टिपेपुरते आहे. आकडा तोच, पण शहरासाठी त्यात समाजाचे हित धरले आणि घाटावरच्या माणसासाठी फक्त गल्ला. या एका फरकामुळे शहराचे रूळ वाढत गेले आणि आपला खामगावला थांबला.

वाहतूक पुरेशी नाही, या दुसऱ्या कारणाचे मूळही मुंबईजवळच सापडते. वाशीला पहा. सिडकोची स्थापना १९७० ची. खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे, मुंबईचा भार हलका करायचा, हा हेतू. रस्ते आखले, घरे बांधली, बाजार हलवले. पण लोक यायला बिचकत होते, कारण खाडी ओलांडून रेल्वे नव्हती. मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली १९९२ मध्ये. रेल्वेने एकटीने ती बांधली नाही. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. सिडकोला दिसले होते की रूळ आल्याशिवाय जमिनीला किंमत येणार नाही आणि शहर भरणार नाही. १९८५ साली मानखुर्द आणि वाशी यांच्यामध्ये किती प्रवासी आहेत हे मोजून तो मार्ग ठरवला असता, तर तो कधीच झाला नसता. जिथे लोकल गेली नव्हती तिथे लोकलचे प्रवासी कुठून दिसणार? डोंबिवली, विरार यांचीही हीच कथा. आधी स्थानक, मग चाळी, मग नगरपालिका.

कोकण रेल्वेच्या वेळी तर हे सगळे आपण डोळ्यांनी पाहिले. डोंगर, नद्या, विरळ वस्ती. या प्रदेशात ७४१ किलोमीटरची रेल्वे कशी परवडेल, ही शंका अनेकांची होती. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी तिचा आग्रह सोडला नाही, ई. श्रीधरन यांनी ती बांधली, १९९० मध्ये महामंडळ झाले, चार राज्यांनी भांडवल घातले (महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के), रोख्यांतून पैसा उभा राहिला. जानेवारी १९९८ मध्ये मार्ग पूर्ण झाला. आज अडचण अशी आहे की गणपतीत तिथे गाड्या मावत नाहीत. एकेरी रूळ अपुरा पडू लागला, म्हणून रोहा-वीर टप्प्याचे दुहेरीकरण २०२१ मध्ये पुरे करावे लागले.

मग आपल्या मार्गाचे प्रवासी कुठे आहेत? मी सांगतो. ते रात्री आठ वाजता बुलढाण्याच्या, चिखलीच्या, मेहकरच्या चौकात बॅग घेऊन उभे असतात. पुण्याला, मुंबईला, संभाजीनगरला जाणाऱ्या ट्रॅव्हल्स भरभरून सुटतात. चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला असलेली घाटावरची पोरे दिवाळीत घरी येतात ती या गाड्यांनी, आणि त्या चार दिवसांत तिकीट किती होते हे त्यांच्या आईवडिलांना विचारा. सकाळी ते जालन्याला जाणाऱ्या एसटीत दाटीवाटीने उभे असतात. जालन्याहून डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत नेली. तिच्यात बसायचे तर आमच्या माणसाने आधी रस्त्याने जालना गाठायचे. हे सगळे प्रवासी आहेतच. फक्त ते रेल्वेच्या कागदावर नाहीत, कारण कागद रेल्वेचा आहे आणि रेल्वे इथे नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. खामगावचा फाटा तर आहे ना? त्यावर कितीशी माणसे बसतात? छोटी गाडी जलंबपर्यंत जाते आणि येते, बरेच खामगावकर सरळ रस्त्याने शेगाव गाठतात. जिथे रूळ आहे तिथेच गर्दी नाही, तर पुढे कुठून येईल?

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण उत्तर नकाशावरच आहे. जो मार्ग तेराव्या किलोमीटरला संपतो, त्यावरची गर्दी पाहून १६० किलोमीटर पुढे दुसऱ्या मुख्य मार्गाला मिळणाऱ्या रेल्वेचा अंदाज करता येत नाही. फाट्यावरची गाडी फक्त खामगावच्या माणसाला मुख्य मार्गावर आणून सोडते, आणि तेही जलंबला गाडी बदलून. जोडमार्ग दोन प्रदेशांना एकमेकांत मिसळतो.

नकाशा नीट पाहू. मुंबई-नागपूर मार्गावर मनमाड मुंबईपासून २६० किलोमीटरवर आहे आणि अकोला ५८४ वर. मनमाडहून दक्षिणेला संभाजीनगर-जालना मार्ग फुटतो, अकोल्याहून वाशीम-हिंगोली-पूर्णा मार्ग फुटतो. या दोहोंच्या मध्ये, सव्वातीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, मराठवाड्यात उतरणारा एकही रूळ आज नाही. परिणाम काय होतो? शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेल्या जालन्याच्या वारकऱ्याला रेल्वेने घरी जायचे असेल, तर तो एकतर मनमाडला वळसा घालून साडेचारशे किलोमीटरहून जास्त जाईल, किंवा अकोला, पूर्णा, परभणी करत जवळजवळ चारशे किलोमीटर. खामगाव-जालना झाली तर हे अंतर सुमारे १८० किलोमीटरवर येते. शेगावला वर्षभर मराठवाड्यातून लोकांची रीघ लागते, आषाढी वारीला महाराजांची पालखी मराठवाड्यातूनच पंढरपूरकडे जाते. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला महाराष्ट्रभरातून माणसे येतात. लोणारचे सरोवर पाहायला परदेशातून अभ्यासक येतात. यातल्या कुणाला रेल्वेने थेट येता येत नाही.

आता माल. जालना पोलादाचे आणि बियाण्यांचे गाव आहे. तिथल्या सळ्या विदर्भात ट्रकने येतात. देऊळगाव राजाच्या परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकते, त्याचाही मोठा भाग जालन्याच्या कंपन्यांकडे जातो. चिखली, मेहकरचे सोयाबीन आणि कापूस ट्रकने घाट उतरतात. रासायनिक खत रेल्वेने येते ते घाटाखाली किंवा जालन्याला उतरते, आणि मग ट्रकला दुसरे भाडे देऊन आपल्यापर्यंत चढते. पेरणीच्या तोंडावर खत मिळत नाही म्हणून दुकानापुढे लागलेली रांग तुम्ही पाहिली आहे. रेकमधून सरळ चिखलीला उतरलेले खत ही रांग पूर्ण संपवील असे मी म्हणणार नाही, टंचाईला इतरही कारणे असतात, पण एक खेप आणि एक हमाली नक्की वाचेल.

समृद्धी महामार्ग झाला की, मग रेल्वे कशाला, असेही विचारले जाते. समृद्धी आपल्या मेहकर आणि सिंदखेड राजा भागातून गेला याचा मला आनंद आहे. ७०१ किलोमीटर, सुमारे ५५ हजार कोटी रुपये. तो आखताना मेहकर आणि सिंदखेड राजा यांच्यामध्ये सध्या किती मोटारी धावतात हे मोजून कुणी निर्णय घेतला नाही. रस्ता झाला की उद्योग येतील, वाहने येतील, असे धरले गेले आणि तसे धरणे योग्यच होते. माझी मागणी एवढीच की हाच विश्वास रेल्वेवरही दाखवावा. शिवाय त्या रस्त्यावर जायला स्वतःची मोटार लागते किंवा ट्रॅव्हल्सचे तिकीट लागते. शेतमजुराला, म्हाताऱ्याला, पासावर शिकणाऱ्या मुलाला परवडतो तो रेल्वेचा साधा डबा.

आणि रात्रीच्या रस्त्याबद्दल बोलायलाच हवे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस समृद्धीवर उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मलकापूरला दोन बसगाड्यांची टक्कर झाली आणि आणखी माणसे गेली. आपला मार्ग असता तर समृद्धीवरचा तो अपघात टळला असता, असे मी म्हणत नाही. त्या बसमधली माणसे दुसऱ्या जिल्ह्यांची होती. पण विदर्भातून पुण्याकडे रात्री धावणाऱ्या या शेकडो बसगाड्यांत घाटावरची माणसेही रोज असतात, आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलेला नाही. मेट्रोच्या हिशेबात टळलेल्या अपघाताला किंमत आहे. आमच्या हिशेबात का नसावी?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरचा मार्ग मंजूर केला. भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या पट्ट्याला त्याची गरज होती. काही जण म्हणतात, आता जालन्याहून उत्तरेला एक मार्ग मिळाला, दुसरा लगेच कशाला. पण तो आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेने खानदेशात उतरतो. चिखलीच्या माणसाला त्याचा उपयोग तेवढाच, जेवढा आज जालना स्थानकाचा. आणि शेगाव-अकोल्याकडून येणाऱ्या गाडीला तो आधी जळगावपर्यंत उलट पश्चिमेला नेतो. तो मार्ग झालाच पाहिजे, आपला त्याच्या बदल्यात सोडता येत नाही.

खर्चाच्या वाटणीची वाट आधीच मळलेली आहे. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला राज्याने निम्मा वाटा दिला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गातही राज्य सहभागी झाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली. आपल्या मार्गासाठीही राज्याने निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. पण बीडकरांचा अनुभव लक्षात ठेवू. त्यांचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये, बीडला पोहोचली सप्टेंबर २०२५ मध्ये. तीस वर्षे. मधल्या काळात खर्च कित्येक पटींनी वाढला आणि एक अख्खी पिढी गाडी न पाहता म्हातारी झाली. मंजुरीची बातमी आली की फटाके फोडून घरी जायचे नसते, हे त्यांच्याकडून शिकावे.

जंगलाविषयी दोन शब्द, कारण तो विषय रेल्वेवाल्यांनी नव्हे, आपणच आधी काढला पाहिजे. खामगाव आणि बुलढाणा यांच्यामध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये हजारो किलोमीटर फिरत या जंगलात येऊन राहिला, तेव्हा देशभर या जंगलाचे नाव झाले. मार्ग आखताना अभयारण्य टाळावे, जिथे वन्यप्राण्यांचा माग आहे तिथे भुयार किंवा उंच पूल करावा, त्यासाठी लांबी आणि खर्च वाढला तरी चालेल. अकोला-खंडवा मार्गाच्या रुंदीकरणात हाच प्रश्न मेळघाटात उभा राहिला. व्याघ्रप्रकल्पातून मोठी रेल्वे नको, अशी भूमिका राज्याने घेतली आणि बाहेरून, आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतून जाणारा पर्याय पुढे आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या तालुक्यांनाही आजवर रेल्वे नाही. वाघ वाचेल आणि जळगाव जामोदला स्थानक मिळेल, असा तो पर्याय आहे. मी त्याचा मनापासून पुरस्कार करतो.

आता करायचे काय ते सांगून थांबतो. पुढच्या वेळी रेल्वेचे अधिकारी वाहतुकीचा अंदाज घ्यायला येतील तेव्हा त्यांच्या हाती आपले आकडे असले पाहिजेत. महाविद्यालयांनी आपले किती विद्यार्थी कुठून येतात आणि किती मुले बाहेर शिकायला गेली याची नोंद करावी. बाजार समित्यांनी दर हंगामात किती क्विंटल सोयाबीन, किती कापूस, किती मका कोणत्या दिशेला गेला हे लिहून ठेवावे. ट्रॅव्हल्सच्या चौकात आठवडाभर रात्री बसून सुटणाऱ्या गाड्या आणि माणसे मोजता येतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. इथले तरुण ते करू शकतात. या आकड्यांवरून वेळ, इंधन आणि अपघात यांचा हिशेब मांडून तो केंद्राकडे आणि राज्याकडे द्यावा, आणि मेट्रोला लावता तीच मोजपट्टी या मार्गाला लावा, असे लेखी मागावे.

दुसरे काम जमिनीचे. चिखली आणि देऊळगाव राजा नगरपरिषदांनी आपल्या विकास आराखड्यात स्थानकाची, मालधक्क्याची आणि तिथे पोहोचणाऱ्या रुंद रस्त्याची जागा आजच राखून ठेवावी. मंजुरी आल्यावर भाव वाढतात, दलाल आधी पोहोचतात आणि स्थानक गावापासून लांब माळावर ढकलले जाते. ज्या शेतकऱ्यांची जमीन जाईल त्यांची नावे, त्यांच्या विहिरी, त्यांची झाडे यांची यादी गावोगावच्या ग्रामसभेत आधी वाचली जावी, आणि मोबदला रुळाच्या आधी त्यांच्या हातात पडावा. यासाठी दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. चिखली नगरपरिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडावा, अशी माझी इथे बसलेल्या नगरसेवकांना विनंती आहे.